रिकामी झोयी

आमच्या घराला वरचा मजला नाही. तीन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे गोठा आणि गोठ्याला लागून केळीचं शेत. अशा घरात लिफ्ट आली असं कळल्यावर अर्धं गाव ती बघायला येऊन गेलं, आणि जो तो हसून एकच विचारायचा, जायचं कुठे आहे? मीसुद्धा तेच विचारलं होतं, पण हसून नाही.

आधीच सांगून टाकते, मी हेवेखोर बाई आहे. माझं माहेर नंदुरबारचं, मिरच्यांच्या पथारीला लागून घर. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मैदान. नाकाला मिरच्या झोंबणं आमच्याकडे म्हणायची गोष्ट नव्हती, ती रोजची होती. आईने थोरल्या बहिणीच्या वेणीला माझ्यापेक्षा जास्त वेळ दिला तर मी त्या दिवशी जेवायची नाही. लग्न होऊन शहाद्याकडच्या या गावात आले तरी स्वभाव माहेरी ठेवून येता आला नाही. पण तोवर मी माणसांचा हेवा केला होता, आणि माणसाशी भांडता तरी येतं. पन्नाशीला आल्यावर मी एका लोखंडाच्या सांगाड्याचा हेवा करायला लागले. त्याच्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी उसाने भरलेली ट्रॉली बांधाजवळ कलंडली आणि वर बसलेले माझे यजमान खाली आले. सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात दोन महिने काढले. घरी आले ते कमरेखालचं सगळं तिथेच सोडून. हात शाबूत, छाती शाबूत, तोंड तर त्याहून शाबूत. मग पलंग, चाकांची खुर्ची, पुन्हा पलंग, असा आमचा संसार सुरू झाला. सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, दुपारी खुर्चीतून पलंगावर आणि संध्याकाळी परत खुर्चीत, म्हणजे पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलता येतं. रात्रीचं झोपवायला दीर यायचा, तो शेजारीच राहतो. दिवसाचे तीन माझे.

उचलायची आमची एक पद्धत बसून गेली होती. मी त्यांच्यासमोर उभी राहायची, पाय फाकवून. ते दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकून बोटं मागे गुंतवायचे. मी त्यांच्या काखेखालून हात घालून पाठीमागे सदरा मुठीत धरायची. मग दोघांनी मिळून मोजायचं, एक, दोन, तीन, आणि तीनला मी त्यांना उचलून वळायची. गाल गालाला लागलेला असायचा. तीन म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे. अगदी घट्ट. मग खुर्चीत टेकले की उघडायचे.

हे मी एवढं खुलवून का सांगते, तर आमचं घर जुन्या वळणाचं. सासूबाईंसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. नवऱ्याने बायकोला हाक मारायची तर लेकीवरून, "पोरनी माय" म्हणून. लग्न झाल्यापासून यांनी दिवसाउजेडी माझा हात धरल्याचं मला एकदाच आठवतं. शहाद्याच्या एसटी स्टँडवर, गर्दीत, तेही मी चुकीच्या गाडीत चढायला निघाले होते म्हणून. गाडीतून मला खाली ओढलं आणि लगेच हात असा सोडला की जणू चटका बसला. आणि आता रोज तीन वेळा, भर दिवसा, पडवीत सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या असताना मी नवऱ्याच्या मिठीत. कोण काय बोलणार? ते काम होतं.

लोकांना वाटायचं, बिचारी किती राबते. मीही चेहरा तसाच ठेवायची. भाच्याच्या लग्नाला सकाळच्या गाडीने गेले आणि अक्षता पडल्या तशी परत फिरले, तेव्हा बहीण रडली. तिला वाटलं, मी अडकून पडले आहे. खरं असं होतं की माझ्या गैरहजेरीत दिराने त्यांना उचललं असतं, आणि रात्रीचं एकवार सोडून दिराच्या गळ्यात त्यांचे हात मला नको होते. सख्ख्या भावाच्याही नको होते. पाठीतून कळ निघायची तेव्हा गोठ्यात जाऊन खांबाला पाठ घासून यायची, लुगड्याच्या आत कमरेला पट्टा आवळायची. कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी माझं काम काढून घेतलं असतं.

आणि त्यांनी डोळे मिटणं. त्याचा अर्थ मी माझ्या मनासारखा लावून घेतला होता. तरुणपणी जे मिळालं नाही ते या माणसाला आता असं मिळतंय, आणि ते त्याला डोळे मिटून घ्यावंसं वाटतंय, असा तो अर्थ होता. विचारायची कधी छाती झाली नाही.

तर अशी सात वर्षं गेल्यावर मागच्या हिवाळ्यात दारात एक पिकअप थांबली. मागे पुठ्ठ्यात बांधलेलं लोखंड, आणि पुढून उतरली एक चुणचुणीत पोरगी. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावची, नंदुरबारला व्यायामोपचाराचं काम करणारी. हातात कागद, खांद्याला पिशवी, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी. मशीन सुरतेहून आमच्या लेकीने पाठवलं होतं आणि वापरायला शिकवायला ही आली होती.

"काकू, मी तुम्हाला पेशंटचं ट्रान्सफर शिकवायला आले आहे," ती म्हणाली.

सासूबाईंच्या माहेरी चारपाच मास्तर आणि एक तलाठी. ट्रान्सफर हा शब्द त्यांना चांगला ठाऊक. त्या शेंगा टाकून उठल्या. "बदली? कथा जायी बदली?" कुठे झाली म्हणे.

पोरगी हसत सुटली, हेही हसले. मग तिने समजावलं, पलंगावरून खुर्चीत न्यायचं त्याला ट्रान्सफर म्हणतात. मी म्हटलं, ती बदली मी सात वर्षं करते आहे, कुणी शिकवल्याशिवाय. पण बोलता बोलताच मला कळलं की सासूबाईंचंच बरोबर होतं. बदली झालीच होती. यांची नाही, माझी.

मी आत जाऊन लेकीला फोन लावला आणि झाडलं. तुला कुणी सांगितला हा उपद्व्याप? ती म्हणाली, "आई, बाबांनीच मागितलं. तुला सांगू नको म्हणाले." म्हणजे हा बेत माझ्या पाठीमागे शिजला होता. माझ्या नवऱ्याने माझ्याऐवजी एक मशीन मागवलं होतं, लपूनछपून, आणि वर लेकीला सामील करून घेतलं होतं. मी फोन ठेवला आणि चुलीपुढे बसून राहिले. चहा कुणालाच केला नाही. त्या पोरीलाही नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बाहेर शिकवणी सुरू झाली. मला हाक आली तेव्हा जावंच लागलं. खाली चाकं असलेले दोन लांब पाय, त्यावर उभा खांब, खांबातून पुढे आलेला एक हात आणि त्या हाताला टांगलेली आडवी कांब, असं ते मशीन, तिच्या भाषेत पेशंट लिफ्ट. कांबेच्या कड्यांत कापडी झोळी अडकवायची. पोरीने यांना आधी एका कुशीवर वळवलं, झोळी पाठीमागे सरकवली, दुसऱ्या कुशीवर वळवून ती नीट ओढून घेतली. मग झोळीचे खालचे दोन पट्टे मांड्यांखालून घेऊन मधे एकमेकांत आडवे ओवले.

"हे ओवायला कधी विसरायचं नाही काकू, नाहीतर माणूस खालून निसटतो. खांद्याकडचे पट्टे आखूड, पायाकडचे लांब. पलंगाला आणि खुर्चीला ब्रेक लावायचा, मशीनला लावायचा नाही. तिला स्वतःचा तोल सांभाळू द्या."

म्हणजे मशीनही 'ती' होती. मी मनात म्हटलं, असणारच.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचं. एकदम वर न्यायचं नाही. आधी फक्त चार बोटं उचलायचं. थांबायचं. चारही पट्टे डोळ्यांनी बघायचे. मगच पुढे." तिने चार बोटं माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "चार बोटं. लक्षात राहील ना?"

मी मान हलवली. बटण तिनेच दाबलं. घुंऽऽ असा बारीक आवाज आला आणि माझे यजमान, पंचाहत्तर किलोचा गडी, पलंगावरून अलगद वर आले. पाय लोंबकळते, हात छातीवर दुमडलेले. कुणाच्या गळ्यात नाहीत. डोळे टक्क उघडे. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि लहान पोरासारखे खिदळले.

"माय, दखं का? हाऊ ते पायना शे!"

पाळण्यात बसलोय म्हणे. सात वर्षांत माझ्या हातांवर ते असे कधी हसले नव्हते. पोटात असं दुखलं की मी तोंड फिरवलं आणि गाईला चारा टाकायचं निमित्त काढून निघून गेले.

सासूबाईंनी त्या कापडाचं नाव लगेच ठेवून टाकलं, झोयी. आमच्या बोलीत झोळीला झोयी. तान्ह्याला निजवतात ती झोयी, आणि वर सातपुड्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून दुखणेकऱ्याला बांबूला बांधून खाली आणतात तीही झोयीच. आणि झोयी म्हटली की तिचे नियम आले. पोरगी निघून गेली आणि त्याच संध्याकाळी मी ते मशीन भिंतीकडे ढकलत होते, कांबेला रिकामी झोळी हेलकावे खात होती, तोच सासूबाई ओरडल्या.

"रिकामी झोयी हालावू नको व! पोरना पोटमा दुखस!"

रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, हे कुणाला माहीत नाही? पण इथलं बाळ बावन्न वर्षांचं होतं. सासूबाईंना त्याने काही फरक पडत नव्हता. त्यांचा तो पोरच. त्यांनी आत जाऊन वरवंटा आणला, बारशाला कुंची घालून पाळण्यातून फिरवतात तसा फडक्यात गुंडाळला आणि झोळीत ठेवला. आता ती रिकामी राहिली नाही. तेव्हापासून हा परिपाठच झाला. यांना खुर्चीत किंवा पलंगावर उतरवलं की झोळीत वरवंटा. यांना उचलायचं झालं की आधी वरवंटा काढायचा, मग झोळी सोडवून घ्यायची. चटणी वाटायची म्हटली तरी मला मशीनजवळ जावं लागायचं.

मी कुढत राहिले. खोटं कशाला बोलू, ते काम सोपं झालं होतं. दहा मिनिटं लागायची, पण दम लागत नव्हता. पट्ट्याशिवाय मी सरळ उभी राहू लागले होते. पण माझे हात रिकामे झाले होते. बटण दाबायला एक अंगठा पुरतो. ते वर तरंगत असायचे आणि मी खाली चाकं ढकलायची, त्यांच्याकडे न बघता. ते मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, काही लागत नाही, काही दुखत नाही, बसून बघा एकदा. चुलत सासरे म्हणाले, "सवत आणी का काय तुले?" सगळे हसले. मीही हसले आणि दुपारी भाकरी करपवल्या.

मग मी एक नीच काम केलं. मशीनला चार्जिंग लागतं, संध्याकाळी वायर लावून ठेवायची. एका संध्याकाळी मी ती लावलीच नाही. सकाळी झोळी सोडवायच्या आधीच बटण दाबलं, मशीन चार बोटंही हललं नाही. मी चेहरा गंभीर केला.

"चार्जिंग उतरनी वाटस," मी म्हटलं. मशीन बाजूला ढकललं, पदर खोचला आणि त्यांच्यासमोर पाय फाकवून उभी राहिले. जुन्या जागी. मी हात पुढे केले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात उचलले नाहीत.

"राहू दे. लाव वायर. चार्ज होई तवलोंग पडी ऱ्हासू."

"दोन घंटा लागतीन. मी शे ना."

"तू राहू दे," ते म्हणाले.

दोन तास तो माणूस पलंगावर पडून राहिला. चहा उशीवर मान उंचावून बशीने प्यायला. बाहेर ओळखीच्या माणसांची वर्दळ सुरू झाली, हाका मारून गेले, तरी हे आतच. माझ्या हातांवर यायचं नाही म्हणून. मी शेजारच्या खोलीत धान्य पाखडत होते आणि सुपातलं अर्धं धान्य भुईवर सांडत होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तोवर माझा असा अपमान कुणी केला नव्हता. सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांनी कसर ठेवली नव्हती.

मशीन चार्ज झालं. मी तणतणत गेले. झोळी कांबेला लटकलेलीच होती, फडक्यातला वरवंटा आत होता आणि तो मी काढलाच नाही. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. चालतंय का बघायला मी बटण दाबलं ते दाबूनच ठेवलं. चार बोटं नाही, थांबणं नाही, पट्टे बघणं नाही. त्या दिवशी पट्टेही आडवे ओवलेले नव्हते. झोळी वर गेली, मधली फट उघडली, आणि सासूबाईंचा वरवंटा खालून निसटला तो थेट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला.

मी केवढ्याने ओरडले ते गावाने ऐकलं. अंगठा काळानिळा झाला, पाऊल सुजून भोपळा झालं. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी तीन आठवडे पाय टेकू नको म्हणून बजावलं. ती नवापूरची पोरगी चौकशीला आली, वरवंट्याची हकीकत ऐकून आधी ओठ चावत राहिली, मग गंभीर होऊन म्हणाली, "काकू, दगडाच्या जागी काका असते तर?" रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येत होतं. त्या दिवशी मी तिला चहा केला, एका पायावर उभी राहून.

वरवंटा पाट्यावर परत गेला. दीर दिवसातून तीनदा येऊन मशीन चालवून जाऊ लागला. मी पलंगाच्या कडेला पाय वर घेऊन बसलेली आणि समोर माझा नवरा दुसऱ्याच्या हाताने वर जातोय, खाली येतोय. आता मला मशीनचाही हेवा आणि दिराचाही.

दोन आठवडे झाले असतील. दुपारची वेळ. गल्लीत कुणाकडे बारसं होतं, सासूबाई नवं लुगडं नेसून निघाल्या. हे खुर्चीत, मी पलंगावर, मधे मशीन, आणि कांबेला रिकामी झोळी. उंबऱ्यातून त्या वळल्या. "ती झोयी रिकामी ठेवू नको व," एवढं बजावून गेल्या. वरवंट्याला हात लावायची तर आता कुणाची हिंमत नव्हती.

घरात कुणी नाही. त्या चार्जिंगच्या दिवसापासून आमचं बोलणं मिठापाण्यापुरतंच होतं.

"बठ," ते एकदम म्हणाले.

"कथा?"

"झोयीमा. माय सांगी गयी ना, रिकामी ठेवू नको."

मी म्हटलं, डोकं फिरलं का तुमचं. पण ते खुर्ची ढकलत मशीनजवळ आले होते आणि वायरीचं बटण त्यांनी हातात घेतलं होतं. खरं सांगते, मला बसायचं होतं. एवढं काय आहे त्या झोळीत ते मला बघायचंच होतं. मी पलंगाच्या काठावर बसून झोळी पाठीमागे घेतली. ते एकेक सांगत गेले, त्या पोरीच्या शब्दांत, पण आमच्या बोलीत. मांड्याखालून ले. आडवं ओव. खांद्याकडनं आखूड. त्यांनी हात लांब करून चारही पट्टे स्वतः ओढून बघितले. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना शेत सुटल्यापासून बघितलं नव्हतं.

"हात छातीवर ठेव," म्हणाले आणि बटण दाबलं.

पलंग खालून सुटला. चार बोटं. ते थांबले. पट्टे बघितले, एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा घुंऽऽ. सुजलेला पाय हवेत लोंबकळू लागला आणि मी पुरती घाबरले. धरायला काहीच नव्हतं. हात कुणाच्या तरी गळ्यात टाकावेसे वाटत होते आणि समोर नुसता खांब. खाली बघितलं तर ते माझ्याकडे मान वर करून बघत होते. ज्या माणसाला मी इतके दिवस उचललं त्याने मला एका अंगठ्याने उचललं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ट्रॅक्टर नवा आणला होता तेव्हाचा आनंद होता.

"आते सांग," ते म्हणाले. "कसाले रागे भरेल शे?"

वर लटकलेल्या माणसाला खोटं बोलायला जमत नाही. निघून जाता येत नाही, काम काढता येत नाही. मी सगळं बोलून टाकलं. म्हटलं, तुम्हाला माझ्या गळ्यापेक्षा हे लोखंड गोड लागलं. मी हात पुढे केले तर तुम्ही दोन घंटे पडून राहिलात. माझ्या पाठीमागे लेकीकडून हे मागवलंत. आधी तर तीन म्हटलं की डोळे मिटून घ्यायचात, मला वाटायचं...

ते खाली मान घालून वायरीशी चाळा करत होते.

"तुन्ही पाठ वाजे," ते म्हणाले.

"काय?"

"तीन म्हनं का तुन्ही पाठ वाजे. कट्. मन्हा कानमाच. रोज तीन टाईम. आज तुटी, उद्या तुटी. म्हनीसन डोया मिची लेऊ मी."

मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. कळ कळत होती, आवाज नाही. त्यांचा कान माझ्या मानेशी असायचा, त्यांना तेवढंच ऐकू यायचं. आज मोडेल, उद्या मोडेल, या भीतीने डोळे मिटून घ्यायचे, रोज तीनदा. सात वर्षं आम्ही एकाच मिठीत होतो. मी ज्याच्यासाठी दिवसभर थांबायची ते त्यांच्यासाठी रोज तीनदा सोसायचं होतं. मला रडू आलं, आणि राग आला, आणि एवढं होऊनही त्या जुन्या मिठीचा सोस काही सुटेना. ती माझी होती. ती तशी नव्हती हे मला ऐकायचं नव्हतं.

"खाले ल्या माले," मी म्हटलं.

त्यांनी मला खाली घेतलं, पण पलंगापर्यंत नाही. मधेच थांबवलं, त्यांचं आणि माझं तोंड एका उंचीवर येईल तिथे. मग झोळीचा पट्टा धरून मला स्वतःकडे वळवलं आणि खुर्ची एवढी पुढे घेतली की त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागले. दार सताड उघडं होतं. रस्त्याने कुणीतरी बोलत चाललं होतं.

"हात टाक," ते म्हणाले.

मी त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि बोटं मागे गुंतवली, ते गुंतवायचे तशी. त्यांनी माझ्या पाठीमागे लुगडं मुठीत धरलं. वजन मशीनवर होतं, माझंही त्यांच्यावर नव्हतं आणि त्यांचंही माझ्यावर नव्हतं. त्यांनी कान माझ्या मानेशी आणला आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन म्हणताना मी मान थोडी मागे घेऊन त्यांच्याकडे बघितलं.

डोळे उघडे होते.